उसना गळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे पाठविले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा फार तर वऱ्हाडातील जुन्या शाळांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्याने सारा जन्म शाळेत मराठी शिकविण्यात घालविला, त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? मी विषय कळविला तो असा: यंत्राच्या गळ्याने गायिलेली आणि फारशी कोणी न ऐकलेली जपानी गाणी. दुसऱ्याच दिवशी चालकांनी विचारले, "गुरुजी, लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. तथापि त्यांची शंका रास्त होती. वैशाखाच्या या उकाड्यात, दिवसभराचे काम आटोपून आपण येथे येऊन बसला आहात. अचलपूरच्या माणसाचा आणि जपानी यंत्राच्या गाण्याचा संबंध काय, हे मी सांगितलेच पाहिजे.

संबंध जडला तो माझ्या नातीमुळे. ती पुण्यास शिकते. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. रात्री ओसरीवर बसून फोनवर काहीतरी ऐकत होती. मला म्हणाली, "आबा, हे ऐका." आवाज एका मुलीचा होता, बारीक, स्वच्छ, थोडासा परका. शब्द जपानी. अर्थ तिने थोडाथोडा करून सांगितला. रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या कोणा माणसाचे ते गाणे होते. रात्रपाळी म्हणजे काय हे येथे सांगावयास नको. गिरणीचा भोंगा ऐकत या गावाच्या पिढ्या वाढल्या आहेत. गाणे मला आवडले. मी विचारले, "ही बाई कोण?" ती म्हणाली, "आबा, बाई कोणीच नाही. गाणारे यंत्र आहे. आणि हे गाणे आतापर्यंत फक्त १४३ वेळा ऐकले गेले आहे."

या दोन वाक्यांपैकी पहिल्याने मला आश्चर्य वाटले. दुसऱ्याने मात्र मला झोप लागू दिली नाही. का, ते मी शेवटी सांगेन.

प्रथम यंत्र गाते कसे, ते पाहू. एका गायिकेला ध्वनिमुद्रणगृहात बसवितात. तिच्याकडून गाणे म्हणवून घेत नाहीत. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा म्हणवून घेतात. आपण बिगरीत क, का, कि, की घोकले, तसाच हा प्रकार. मात्र नुसते 'का' आणि नुसते 'म' मिळून 'काम' होत नाही. 'का'वरून 'म'वर जाताना तोंडात जे घडते, तो दुवा हवा असतो. व्याकरणात आपण संधी शिकतो. या यंत्राचे सारे रहस्य संधीतच आहे. जपानी भाषेत स्वर पाचच, व्यंजने थोडी आणि आपल्यासारखी जोडाक्षरांची गर्दी नाही. त्यामुळे एका पट्टीत सुमारे ५०० दुव्यांवर काम भागते. इंग्रजीला सुमारे २,५०० लागतात. ख, घ, छ, झ, ण, ळ आणि वर जोडाक्षरे बाळगणाऱ्या मराठीला जपानीपेक्षा पुष्कळच अधिक दुवे लागतील, हे उघड आहे.

दुव्यांचे हे भांडार तयार झाले की ते विकावयास ठेवतात. ते विकत घेणारा संगणकाच्या पडद्यावर एक चौकटींचा कागद उघडतो. डाव्या बाजूला पेटीच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या, आणि डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. कोणता स्वर किती वेळ, हे तो आखतो आणि प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहितो. यंत्र हवे ते दुवे काढते, त्यांना सांगितलेल्या स्वरावर नेते आणि सांधे गुळगुळीत करते. पण एवढ्याने जे ऐकू येते ते पाढे म्हटल्यासारखे असते. खरी मेहनत येथून पुढे. श्वास कोठे ऐकू यावा, स्वर किंचित खालून कसा उचलावा, कंप किती द्यावा, शब्दाचा शेवट कोठे विरघळू द्यावा, हे सारे हाताने, अक्षराअक्षराने करावे लागते. जपानी लोक या कामाला 'चोक्यो' म्हणत. जनावर माणसाळविण्याचा हा शब्द आहे. पुढे त्याऐवजी 'चोसेई', म्हणजे आवाज लावणे, हा सौम्य शब्द रूढ झाला. तंबोरा लावतात तसा गळा लावावयाचा. तात्पर्य, यंत्र आपोआप गाते ही समजूत चुकीची आहे. त्याच्या प्रत्येक स्वरामागे एक माणूस रात्र जागलेला असतो.

ही कल्पना एका दिवसात जन्मली नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात होमर डडली यांचे 'व्होडर' नावाचे यंत्र ठेवले होते. पट्ट्या दाबून आणि पायाने कळ चालवून एक बाई त्यातून शब्द वाजवीत. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून एक जुने लोकप्रिय इंग्रजी गाणे म्हणवून घेण्यात आले. पुढे २००० साली जपानच्या यामाहा कंपनीने बार्सिलोना येथील पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठाबरोबर हे काम हाती घेतले. हिदेकी केन्मोची हे त्या कामाचे प्रमुख. या यंत्रगळ्याला त्यांनी 'व्होकलॉइड' असे नाव दिले आणि २००४ साली तो बाजारात आला.

यामाहा म्हटले की आपल्याला मोटारसायकल आठवते. वस्तुतः त्या घराण्याचा आरंभ फुंकपेटीपासून आहे. १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेतील नादुरुस्त ऑर्गन तोराकुसु यामाहा यांनी दुरुस्त केला, आणि त्यातून हा सारा कारभार उभा राहिला. तो ऑर्गन म्हणजे आपल्या भजनातील पेटीचीच थोरली बहीण. परदेशी पेटीच्या पट्ट्यांतून आपली मिंड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, आणि १९७१ पर्यंत ती उठली नाही. आज पेटीवाचून आपले एकही कीर्तन उभे राहत नाही. यंत्राला शिव्या देताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आता मुख्य घटना. साप्पोरो शहरातील क्रिप्टन नावाच्या लहानशा कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी या यंत्रासाठी एक नवा आवाज विकावयास काढला. साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजाचे ते दुवे होते. खोक्यावर निळसर-हिरव्या केसांच्या सोळा वर्षांच्या मुलीचे चित्र होते आणि तिचे नाव 'हात्सुने मिकु' असे ठेवले होते. अर्थ असा की, भविष्याचा पहिला नाद. कंपनीने आवाज दिला, चित्र दिले, नाव दिले. गाणे मात्र दिले नाही.

आणि जपानभर ज्यांच्याजवळ गाणे होते पण गळा नव्हता, अशी माणसे पुढे आली. महाविद्यालयात शिकणारी मुले, कचेरीत नोकरी करून रात्री चाली बांधणारे तरुण, आपला स्वतःचा आवाज ऐकण्याची लाज वाटणारे लाजाळू लोक. आजवर त्यांना कोणी गायिका मिळाली नसती. मोठ्या शहरात ओळख हवी, पैसा हवा. आता एका खोक्याच्या किमतीत त्यांना न थकणारी, न हसणारी गायिका मिळाली. 'निको निको दोगा' या २००६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या चित्रफितींच्या स्थळावर ते आपली गाणी ठेवू लागले. २००८ साली तर याच जातीचे 'उताउ' नावाचे साधन फुकट मिळू लागले, आणि कोणीही आपल्या स्वतःच्या गळ्याची अक्षरे त्यात भरू लागला. पुष्कळांनी खरे नाव सांगितलेच नाही. आरंभीच्या काळात तर ऐकणारेच करणाऱ्याला नाव ठेवीत, आपल्या खेड्यात एखाद्याच्या खोडीवरून टोपणनाव पडावे तसे.

त्यांतील काहींचे भाग्य उघडले. 'हाची' या नावाने २००९ पासून गाणी ठेवणारा तोकुशिमाचा एक मुलगा २०१२ साली केन्शी योनेझु या आपल्या खऱ्या नावाने आणि आपल्याच गळ्याने गाऊ लागला. आज सारा जपान त्याला ओळखतो. पण मी बोलणार आहे ते उरलेल्यांविषयी.

त्या स्थळावर एक रिवाज आहे. गाणे एक लाख वेळा ऐकले गेले की त्याला सन्मानमंदिरात प्रवेश मिळाला असे म्हणतात. दहा लाख झाले की ते आख्यायिकेत गेले असे म्हणतात. हे झाले वरचे मजले. खाली जे तळघर आहे, त्यात शंभर, दोनशे, पाचशे वेळा ऐकलेल्या गाण्यांचे ढीग आहेत. आणि तेथे दिवा घेऊन फिरणारेही काही लोक आहेत. एखादे चांगले गाणे त्यांना सापडले की ते त्यावर एक चिठ्ठी डकवितात. तिच्यावरची जपानी अक्षरे अशी: 'मोत्तो ह्योका सारेरु बेकी'. याची याहून अधिक कदर व्हावयास हवी, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती चिठ्ठी वाचून दुसरा कोणी येतो, मग तिसरा येतो. २०२२ साली त्यांनी एक उत्सवच सुरू केला. त्यात गाणे करणाऱ्याने नाव लपवावयाचे. रंगहीन, पारदर्शक असे त्या उत्सवाचे नाव आहे. नामांकित आणि नवशिका एका ओळीत बसतात आणि ऐकणाऱ्याने केवळ गाणे ऐकून पसंती द्यावयाची.

मी आणि माझी नात, आम्हीही आता दर रविवारी संध्याकाळी फोनवर एक गाणे ऐकतो. नियम एकच, हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेले हवे. प्रामाणिकपणे सांगतो, दहातली सात गाणी सामान्य निघतात. दोन बरी असतात. एखादे असे लागते की फोन बंद केल्यावरही आम्ही दोघे बोलत नाही. हे प्रमाण काही वाईट नाही. कवितांच्या नव्या पुस्तकांत तरी याहून अधिक कोठे मिळते?

येथे आपणांपैकी कित्येकांच्या मनात एक आक्षेप उभा राहिला असेल. ज्याला जीव नाही, त्याच्या गाण्याने डोळ्यांत पाणी कसे यावे? हा खोटेपणा नव्हे काय? या आक्षेपाला मी जपानचे उत्तर देत नाही, घरचेच देतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी बालगंधर्वांना शकुंतलेच्या, सिंधूच्या वेषात पाहिले. समोर नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष उभा आहे, हे प्रेक्षागृहात कोणास ठाऊक नव्हते? तरी सिंधूच्या दुःखाने रडलेली माणसे खोटी रडली नव्हती. पुढे चित्रपट आला. १९४९ साली 'महल' निघाला, तेव्हा त्यातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारणीचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! गळा होता लता मंगेशकरांचा. म्हणजे जी अस्तित्वातच नाही अशा गायिकेचे गाणे आपण पंचाहत्तर वर्षांपूर्वीच ऐकले आहे. कलेत गळा उसना असतो, वेष उसना असतो. उसनी नसते ती फक्त सांगणाऱ्याची व्यथा.

परंतु उसने घेणे आणि चोरणे यांत भेद आहे, आणि तो आज स्पष्ट सांगितला पाहिजे. फुजिताबाईंनी आपला आवाज स्वखुशीने दिला. अलीकडे संगणकाला कोणाचीही जुनी गाणी ऐकवून हुबेहूब त्याचाच गळा उभा करता येतो. २०१९ च्या शेवटच्या रात्री जपानी नभोवाणीच्या वार्षिक गीतसोहळ्यात, १९८९ साली वारलेल्या मिसोरा हिबारी या थोर गायिकेकडून एक नवे गाणे म्हणवून घेण्यात आले. कित्येक श्रोते रडले आणि कित्येक संतापले. मृत माणसाला कोण विचारणार? आपल्याकडेही २०२४ साली अरिजित सिंग यांना आणि २०२५ साली आशा भोसले यांना आपला आवाज असा वापरला जाऊ नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे लागले, आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. ते योग्यच झाले. ज्याच्याजवळ गळा नाही त्याला गळा मिळणे ही एक गोष्ट. ज्याच्याजवळ आहे त्याचा गळा पळविणे ही अगदी दुसरी गोष्ट.

आता जे शेवटी सांगेन म्हटले होते, ते सांगतो.

मला एक आत्या होती. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, चौथीपर्यंत शिकलेली. घरातील सारी कामे तिच्याकडे. तिच्याजवळ एक वही होती आणि त्या वहीत ती गाणी लिहीत असे. तिला गळा नव्हता. लहानपणच्या कसल्याशा दुखण्याने आवाज पार बसला होता. म्हणून ती मला म्हणे, "बापू, एक गानं लिवलं हाये, आयकतं का रे? तू म्हणून दाखवशीन तं बरं वाटीन." मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. मोठमोठे कवी पाठ करीत होतो. मी म्हणे, "मंग आयकतो, आत्या." हे 'मंग' कधी आले नाही. आत्या गेली. नंतर घराच्या वाटण्या झाल्या आणि जुन्या कागदांबरोबर ती वही रद्दीत गेली. मी पुढे वर्षानुवर्षे मुलांना कविता शिकविल्या. आत्याची एकही ओळ मला आठवत नाही. विसरलो म्हणून नव्हे. मी ती ऐकलीच नव्हती.

इसाओ तोमिता या जपानी संगीतकाराने २०१२ साली, ऐंशीव्या वर्षी, एक मोठी वाद्यवृंदरचना केली आणि तीत माणसांच्या गायकवृंदाबरोबर हात्सुने मिकुला गावयास लावले. ती रचना केन्जी मियाझावा या कवीच्या सृष्टीवर आहे. हा कवी १९३३ साली, सदतिसाव्या वर्षी वारला. हयातीत त्याची दोनच पुस्तके निघाली आणि ती फारशी कोणी वाचली नाहीत. पण त्याचे हस्तलिखित कागद त्याच्या धाकट्या भावाने जपून ठेवले. आज तो जपानचा लाडका कवी आहे. आपल्या बहिणाबाईंचेही तसेच. त्या १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी लिहून ठेवलेली होती, ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर, गी पॉइट्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी बसून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायांना कोणी कवयित्री म्हटले नव्हते. कोणीतरी समोर बसून "म्हणा, बाई" असे म्हटले, एवढेच.

प्रत्येक ठिकाणी कवी एक आणि ऐकणारा एक. कवीने आपले काम केले होते. ऐकणाऱ्याने आपले काम केले, म्हणून गाणे वाचले. माझ्या घरी कवी होता, ऐकणारा नव्हता. म्हणूनच त्या रात्री १४३ हा आकडा ऐकून मला झोप लागली नाही. जपानातील कोणा अनोळखी माणसाला ते १४३ जण तरी मिळाले होते. माझ्या आत्याला एकही मिळाला नाही.

आज तिच्या हाती असे साधन असते तर? तिने बसल्या आवाजाची खंत न बाळगता वही उघडली असती, अक्षरे मांडली असती, आणि तिचे गाणे कोणा दूरच्या घरी कोणीतरी ऐकले असते. पण साधनावर सारा भार टाकून आपली सुटका नाही. यंत्र गळा देऊ शकते. कान मात्र माणसालाच द्यावा लागतो.

१९५५ साली आपल्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. आपली भाषा तेथे कोणास ठाऊक असणार? तरीही त्या लोकांनी वऱ्हाडच्या या साधूला मानाने बोलावले आणि ऐकले. त्या ऐकण्याची परतफेड म्हणून तरी एखादे जपानी गाणे आपण ऐकावयास हरकत नाही.

आणि जपानी नको असेल तर माझा आग्रह नाही. आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या घरात कोणाची वही आहे काय, याचा शोध घ्या. आईची, काकूची, अबोल मुलाची, रात्री उशिरा फोनमध्ये काही लिहिणाऱ्या सुनेची. ती म्हणेल, "काही नाही, असेच लिहिलेले आहे." तेव्हा समोर बसा आणि आजच ऐका. 'मंग' म्हणू नका.